मागीलदारची गुलाबी

वन्सं, तुमच्या नावाचा फलक मी लावू दिला नाही. तुम्हाला जाऊन तीन महिने होत नाहीत तोच तुमच्या वाट्याला आलेला एक मान मी भर सभेत परत केला. तुमच्या बंधूंनी त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी जेवणापुरतंच बोलणं ठेवलं होतं. काल त्यांनी आपणहून बांगड्याचा भाव विचारला, म्हणजे घरातली हवा निवळली. आता तुमच्याशी बोलायला हरकत नाही.

तुमचा जन्म कुठे झाला, किती वर्षं विज्ञान शिकवलंत, हे सगळं पेपरात येऊन गेलं. तुम्ही ‘विद्यार्थिनींच्या लाडक्या’ होतात, असंही त्यात होतं. ते वाचून मी एकटीच हसले. व्हरांड्यात तुमच्या चपलांचा आवाज आला की मुली श्वास धरून बसत, हे मला त्याच मुलींनी सांगितलंय. तीस वर्षं एका घरात राहून मला जे ठाऊक आहे ते पेपरात छापण्यासारखं नाही. म्हणजे, चहा गरम आहे का ते तुम्ही बोट बुडवून बघायचात आणि दरवेळी भाजून घ्यायचात. लग्न केलं नाहीत म्हणून कुणी हळहळलं की ‘तुमचं काय अडलंय?’ असं त्यालाच विचारायचात. तुमच्या भावाची बायको होऊन मी या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला खोलीत बोलावून म्हणालात, “सुमन, आता या घरात वाचणाऱ्या बायका दोन झाल्या. भांडणं होणार. पण ती मुद्द्यावर झाली पाहिजेत.”

झाली. बहुतेक मुद्द्यावरच झाली. त्यातलं सगळ्यात लांबलेलं भांडण हायड्रेंजियाचं.

१९९८ साली तुम्ही निवृत्तीआधीची शेवटची सहल घेऊन महाबळेश्वरला गेलात. लोक तिथून जॅम आणि चणे आणतात. तुम्ही ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले फांद्यांचे सतरा तुकडे आणलेत, हॉटेलच्या माळ्याला दम देऊन मिळवलेले. रत्नागिरीच्या उकाड्यात ही थंड हवेची झाडं जगायची नाहीत, असं मी म्हटलं. तुम्ही ती विहिरीजवळ पोफळींच्या सावलीत लावलीत. अकरा जगली.

“सहा मेली,” मी म्हटलं.

“मोजता येतं की तुला,” तुम्ही म्हणालात.

जाती तीन होत्या, तिन्ही गोंड्याच्या, म्हणजे फुलांचा गोल गरगरीत गड्डा येणाऱ्या. पहिला गोंडा उमलला तेव्हा शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं होतं, “हा निळा फ्लॉवर भाजीला चालतो काय गो?” जातींची खरी नावं माळ्यालाही ठाऊक नव्हती. मग तुम्ही त्यांना आपल्या नातेवाइकांची दिलीत. नारळाएवढे गोंडे येणारी ती ‘मुंबईचे काका’, कारण जिथे जाईल तिथला रंग घेणार. लहान गोंड्याची, कातरलेल्या कडांची, ती ‘मामी’. ती निळी झाली तरी आतून जांभळट राहायची, पूर्ण पटलंय असं कधी दाखवायची नाही. आणि पांढरी ती ‘आत्या’. मातीत चुना घाला नाही तर तुरटी घाला, तिला काही फरक नाही. फक्त म्हातारी झाली की कडेकडेने किंचित गुलाबी व्हायची.

मला ते फूल पहिल्या दिवसापासून प्रमुख पाहुण्यासारखं वाटलं. डोकं मोठं, वास नाही, दिवसातून दोनदा पाणी लागतं आणि जरा ऊन लागलं की मान टाकतं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून पोफळींखाली नेलंत आणि एक गोंडा बोटांनी उकललात.

“ह्या दिसतात त्या पाकळ्या नव्हेत गो. ही नुसती सजावट. खरं फूल ते आत. हे बघ, टाचणीच्या डोक्याएवढं.”

“म्हणजे मी म्हणतेय तेच. मांडव गावभर, नवरा दिसत नाही.”

तुम्ही हसू दाबलंत. भांडणात हसायचं नाही हा तुमचा नियम होता, माझा नव्हता.

रंगाचं रहस्य तुम्ही इतक्यांदा सांगितलंत की मी झोपेत म्हणून दाखवीन. आपली माती जांभ्याची, आंबट. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम भरपूर. आंबट मातीत ते विरघळतं, मुळांतून फुलात चढतं आणि फूल निळं होतं. मातीत चुना पडला की त्याला चढता येत नाही, मग फूल गुलाबी. म्हणून रत्नागिरीत जमिनीत लावलेला हायड्रेंजिया निळाच येणार, आत्या सोडून. तुम्ही ओसरीच्या पायऱ्यांवर तीन कुंड्या ठेवल्या होत्यात. एकीत नुसती लाल माती, दुसरीत थोडा शिंपल्यांचा चुना, तिसरीत भरपूर. निळं, जांभळं, गुलाबी. पाहुणे म्हणायचे, “बाई, किती जाती जमवल्यात!”

“एकच जात आहे,” असं तुम्ही म्हटलंत की पाहुण्याची अर्धा तास सुटका नसे.

मग तुमचे गुडघे गेले. मागीलदारच्या सात पायऱ्या उतरणं बंद झालं. खाली धुण्याच्या दगडापाशी एक ‘मुंबईचे काका’ लावलेले होते, तोवर निळेच फुलणारे, ते माझ्या ताब्यात आले. तुम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्यावर लक्ष ठेवायचात. माझ्यावरही.

आणि दोन वर्षांनी एका सकाळी तुमची हाक आली. “सुमन! सुमन गो!” मला वाटलं दूध उतू गेलं. तुम्ही खिडकीचे गज धरून उभ्या होतात.

“तो गोंडा बघ. मला दिसतंय ते खरं का?”

मी पायऱ्या उतरून गेले. गोंडा नुकत्या शिजलेल्या कोलंबीच्या रंगाचा होता.

“गुलाबी आहे,” मी खालून ओरडले.

“चुना घातलास?”

“नाही.”

“सफेदीची बादली धुतलीस तिथे?”

“सफेदी झालीय कधी गेल्या चार वर्षांत?”

“मग घातलंस काय?”

“पाणी. आणि शेणखत, तुम्ही सांगितलंत तेवढंच.”

वन्सं, तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. एवढं लक्षात घ्या.

तुम्ही लगेच काही ठरवलं नाहीत. वर्षभर थांबलात. पुढच्या हंगामात गोंडे आणखी गडद गुलाबी आले. तेव्हा तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत की कधीकधी झाड आपणहून बदलतं. एखादी फांदीच वेगळी निघते आणि तिच्यातून नवी जात सुरू होते. जांभ्यात उभं राहून गुलाबी फुलणारी जात. बोलता बोलता तुम्ही थांबलात, चष्मा पुसलात आणि म्हणालात, “पस्तीस वर्षं पुस्तकातलं शिकवलं गो. सगळं दुसऱ्यांनी शोधलेलं. हे पुस्तकात नाही.”

तीस वर्षांत तुम्ही स्वतःविषयी माझ्याशी एवढी चार वाक्यं बोललेलं मला दुसऱ्यांदा आठवत नाही.

त्या झाडाची फांदी मी ओसरीवर नुसत्या लाल मातीच्या कुंडीत लावली, तिला निळी फुलं आली. “चुकीची फांदी कापलीस,” तुम्ही म्हणालात. एरवी एखाद्या मुलीने प्रयोगवहीत असं कारण दिलं असतं तर तुम्ही वही खिडकीबाहेर टाकली असती. मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं, पण मी गप्प बसले. तुमच्या तोंडून चूक ऐकायची सवय नव्हती मला.

मग दिवाळीनंतरची ती दुपार. मी तिसऱ्या शिंपल्यांतून सोडवून त्यांचं सुकं केलं होतं. त्यातलं अर्धं तुम्ही संपवलंत आणि खोबरं कमी पडलं अशी तक्रारही केलीत. जेवणं झाल्यावर मी शिंपल्यांचं टोपलं घेऊन मागीलदारी उतरले. धुण्याच्या दगडावर शिंपल्या बत्त्याने ठेचल्या आणि बाजूला टाकल्या. पायाला लागू नयेत म्हणून आधी ठेचायच्या, ही सासूबाईंची शिस्त. त्यांच्यावर न्हाणीच्या चुलीतली राख, हीसुद्धा त्यांचीच. त्या जागी पूर्वी त्यांचा माड होता आणि हे सगळं त्या माडाला घालायच्या. माड वादळात पडला. त्या मोकळ्या जागेत आपण नवी लाल माती भरून ‘मुंबईचे काका’ लावले. पण शिंपल्या आणि राख कुठे टाकायची हे माझ्या हातांना ठाऊक होतं, आणि हातांना माड पडल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

बत्ता हातात तसाच राहिला. ठेचलेल्या शिंपल्या म्हणजे चुना. राख म्हणजे तर आणखी जोरकस. दर आठवड्याला एक टोपलं, किती वर्षं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला त्यातलं काहीच आठवलं नव्हतं, कारण केर टाकला म्हणजे आपण झाडाला काही घातलं असं कुणाला वाटतं? आणि तुम्हाला तरी कुठे वाटलं! त्या खिडकीतून तुम्ही मला शंभर वेळा शिंपल्या ठेचताना पाहिलंत. लहानपणापासून आईला पाहिलंत. विज्ञानाच्या बाई आणि वाचनालयात काम करणारी मी, दोघी रोज तेच बघत होतो आणि दोघींना दिसलं नाही.

तुम्ही वर खिडकीत होतात. “काय गो, पाय मुरगळला काय?”

“नाही. काही नाही.”

हे मात्र खोटं होतं. आणि ते मी तीन वर्षं चालवलं.

तोवर तुम्ही त्या झाडाची रोपं बारा घरी पोचवली होतीत. चिपळूणला, नाट्याला, मंडणगडला. सगळीकडे ती निमूट निळी फुलली. मंडणगडच्या शाळेत विज्ञान शिकवणारी तुमची शैला, तिचं कार्ड आलं: ‘बाई, दोन वर्षं निळंच येतंय. माझं काय चुकतंय?’ तुमची बोटं तेव्हा आखडायला लागली होती, म्हणून पत्रं मी लिहायची. तुम्ही सांगितलंत, “लिही. पाण्याची वेळ पाळत नसशील.” मी लिहिलं. थोरामोठ्यांच्या आत्मचरित्रांना आयुष्यभर नाकं मुरडली मी, वाचनालयाच्या टेबलाशी बसून कोण कुठे खोटं लिहितोय ते पेन्सिलीने खुणावलं, आणि मीच स्वतःच्या अक्षरात ते वाक्य लिहून टपालपेटीत टाकून आले.

दोनदा सांगणार होते, राहिलं. एकदा तुम्ही देवाला फुलं मागितलीत आणि म्हणालात, “गुलाबी नको आणू, ते राहू दे झाडावर.” दुसऱ्यांदा काय झालं ते आठवत नाही. काहीतरी तितकंच क्षुल्लक असणार.

जानेवारीतल्या एका सकाळी तुम्ही चहा मागितलात आणि तो येईपर्यंत थांबला नाहीत. बोट बुडवायचं राहिलं. तो कप मी बराच वेळ तुमच्या उशाशी तसाच ठेवला होता.

तेरावा झाल्यावर पुष्पप्रेमी मंडळाचे चिटणीस आले. ते घरात बोलतात तेसुद्धा समोर माइक असल्यासारखं.

“वहिनी, बाईंचं कार्य चिरंतन करायचं आहे. गुलाबी जातीला बाईंचं नाव. रोप शाळेच्या आवारात. आमदारसाहेबांच्या हस्ते. फ्लेक्स छापायला दिलाय.”

“छापायला दिलाय, मग मला काय विचारताय?”

“रोप तुमच्याकडे आहे ना!”

फ्लेक्स दाखवायला आणला. आमदारांचा फोटो दारासारखा, चिटणिसांचा खिडकीसारखा, तुमचा टपालाच्या तिकिटाएवढा. खाली लिहिलं होतं: ‘कोकणच्या लाल मातीतून नवी गुलाबी जात घडवणाऱ्या.’ तुमच्या बंधूंनी डोळे पुसले. रात्रीची जेवणं झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “गप्प बस. माणूस गेलं. कुणाचं काय बिघडतंय? फूल गुलाबी आहे ना? झालं.”

त्यांचं बोलणं खोडण्यासारखं नव्हतं. मीही तीन वर्षं स्वतःला तेच सांगत आले होते. पण शाळेच्या आवारात ना माझी राख, ना माझ्या शिंपल्या. ते रोप तिथे पुढच्या वर्षी निळं फुलणार होतं. तुमच्या नावाच्या पाटीखाली, तुमच्याच शाळेत, तुम्ही शिकवलेल्या मुलींच्या मुलींसमोर. आणि त्यातली एखादी विचारणार होती, आणि तिला कुणीतरी सांगणार होतं की पाण्याची वेळ चुकली. ते दुसऱ्यांदा होऊ द्यायची माझी तयारी नव्हती.

सभा मार्चमध्ये झाली. आमदार आले नाहीत, त्यांचा संदेश आला. सगळ्यांनी तुम्हाला ‘ज्ञानदीप’ म्हटलं, मग ‘आता वहिनी दोन शब्द बोलतील’ असं झालं. मी उभी राहिले आणि माडाचं सांगितलं. शिंपल्यांचं सांगितलं. राखेचं सांगितलं. कुंडीत निळ्या आलेल्या फांदीचं सांगितलं. मग त्या पत्राचं सांगितलं, ते सगळ्यात जड गेलं.

चिटणीस सावरून घ्यायला उठले. “म्हणजे वहिनींना असं म्हणायचंय, की भावनेच्या दृष्टीने पाहिलं तर...”

“नाही हो,” मी म्हटलं. “रसायनाच्या दृष्टीने.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बाईंना ठाऊक असणार. बाईंना सगळं ठाऊक असायचं.” बऱ्याच माना हलल्या. मला सोडवायचं होतं त्यांना, हे कळत होतं. तुमच्या मागे घरी भेटायला येणाऱ्यांपैकी ज्यांना ही गोष्ट आता कळलीय, ते सगळे मला तेच सांगतात. तुम्हाला ठाऊक होतं, तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. ऐकायला बरं वाटतं. पण मी तुमच्याबरोबर राहिलेय.

“त्यांना ठाऊक नव्हतं,” मी म्हटलं. “असतं तर त्याच मिनिटाला खिडकीतून ओरडल्या असत्या.”

यावर सभागृह हसलं. शोकसभेत हसावं तसं नाही, वर्गात हसतात तसं. तुमचं ओरडणं ऐकलेल्या निदान साठ बायका तिथे होत्या.

तेव्हा शैला उभी राहिली. पन्नाशीची बाई, पण तिने बोलायच्या आधी हात वर केला. “वहिनी, म्हणजे आमच्या बाराही घरची झाडं बरोबर होती?”

“हो.”

“आणि आम्ही वर्षानुवर्षं आपलंच चुकतंय असं समजत होतो.”

“हो. चुकत माझं होतं.”

“आणि बाईंचं,” शैला म्हणाली. “कुंडीत निळं आलं तेव्हाच बाईंनी मातीवर संशय घ्यायला हवा होता. आम्हाला त्यांनीच तसं शिकवलंय.”

वन्सं, तुम्ही तिथे असायला हवं होतं. तुमच्या सत्काराला नव्हे. ह्या एका वाक्याला.

रोप लागलं, पाटीशिवाय. फ्लेक्स चिटणिसांनी रागाने माझ्याच अंगणात टाकला. कापड उत्तम आहे. लाकडांवर घातलंय, फोटोची बाजू आत.

आता राहिलेलं बोलते. तुमच्याकडून मी एक गोष्ट काढून घेतली, ती तुम्हाला जन्मभरात एकदाच मिळालेली होती. ती मुळात तुमची नव्हती, हे खरं असलं तरी मनाला लागतं. पण शेवटची तीन वर्षं तुम्ही रोज सकाळी त्या खिडकीत उभ्या राहायचात, गुडघे विसरून. मी खालून बघायचे. ते मी होऊ दिलं, याचा मला पस्तावा नाही. शैलाच्या पत्राचा आहे आणि तो राहील. हे दोन्ही एकाच गप्प बसण्यातून आलं. त्यातलं एक ठेवून दुसरं कसं टाकायचं, यावर तुम्ही माझ्याशी भांडला असतात आणि बहुधा जिंकला असतात. माझ्याशी एवढं नीट भांडणारं आता घरात कुणी नाही. बंधू लगेच रुसतात.

त्या फुलाचं श्रेय द्यायचंच तर मी असं वाटून दिलंय: सासूबाईंची शिस्त, तुमची फांदी, माझा केर. तिघींचं मिळून एक गुलाबी. तुमच्या एकटीचं नसलं तरी वाईट नाही.

सभेपासून फोन वाजतोय. चिपळूणच्या बाईंना शिंपल्या किती हव्यात ते पाहिजे. नाट्याहून कुणी विचारतं, कालवांच्या चालतील का? मी म्हणते, घालून बघा आणि किती घातल्या ते लिहून ठेवा. बारा घरं, जी आपापल्या परसात मान खाली घालून निळी फुलं बघत होती, ती आता मुद्दाम थोडी इकडे राख टाकतात, थोडं तिकडे काहीच टाकत नाहीत. तुम्ही शाळेत पस्तीस वर्षांत एवढ्या जणींना एका वेळी प्रयोगाला लावलं असेल असं वाटत नाही.

काल संध्याकाळी शैलाचा फोन आला. मंडणगडला परत गेल्या गेल्या तिने आपल्या झाडाच्या एका बाजूला राख घातली होती.

“वहिनी, पहिला गोंडा उमलतोय. त्या बाजूला गुलाबी झाक दिसतेय. मुली नाव काय ठेवायचं विचारतायत.”

पंधरा दिवसांत माती बदलत नाही. ती झाक तिच्या डोळ्यांतली असणार, हे मला कळत होतं. तरी मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“नाव राहू दे,” मी म्हटलं. “आठ दिवसांनी परत बघ. आणि तू एकटी बघू नकोस, मुलींना बघू दे. तू काही सांगायच्या आधी.”

“आणि निळंच निघालं तर?”

“तर निळं म्हणून लिहा. झाड आहे ना तिथे? पुढच्या वर्षी परत फुलेल.”